मातीतलं औषध आणि पुरून उरलेला जंतू

पहिला पाऊस पडला की मातीच्या वासावर आपण स्टेटस ठेवतो, चारोळ्या फॉरवर्ड करतो. पण खरं सांगायचं तर तो वास मातीचा नसतोच. मातीत राहणारे काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं रसायन बनवतात आणि पावसाचे थेंब आपटले की ते हवेत उडतं. या सूक्ष्मजीवांच्या घराण्याचं नाव ॲक्टिनोमायसिट्स. दिसायला बुरशीसारखे धागेदार, पण कुळाने बॅक्टेरिया.

एका माणसाने आपलं अख्खं करिअर या घराण्याच्या मागे घालवलं. आधी त्याला कुणी फारसं विचारत नव्हतं. मग त्याच्या लॅबमधून टीबीवरचं पहिलं परिणामकारक अँटिबायोटिक बाहेर पडलं आणि जग त्याच्या दारात आलं. पण त्यानंतर काही महिन्यांतच टीबीच्या जंतूने त्या औषधाला दाद देणं बंद केलं. आणि ज्या विद्यार्थ्याने ते औषध प्रत्यक्ष हाताने शोधलं होतं, तो कोर्टात गेला. हा माणूस म्हणजे सेल्मन वाक्समन.

काळ्या मातीचं गाव

वाक्समन यांचा जन्म २२ जुलै १८८८ चा. गाव नोवा प्रिलुका. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. कुटुंब ज्यू. आजूबाजूला मैलोन् मैल काळी, कसदार जमीन. लहानपणी सेल्मनने मातीइतकंच जवळून मरणही पाहिलं. त्याची धाकटी बहीण घटसर्पाने गेली. घटसर्पावरचं औषध तोवर निघालं होतं, पण ते त्या आडगावात वेळेवर पोचलंच नाही. औषध असणं आणि ते रुग्णापर्यंत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलाला फार लवकर कळलं.

झारच्या रशियात ज्यू मुलांना शाळा-कॉलेजात मोजक्याच जागा असायच्या. सेल्मनने खासगी अभ्यास करून ओडेसाला बाहेरून परीक्षा दिली. १९०९ मध्ये आई वारली. पुढच्याच वर्षी त्याने अमेरिकेची बोट पकडली. तिथे न्यू जर्सीत नातेवाइकांचं छोटंसं शेत होतं, कोंबड्या होत्या. बावीस वर्षांचा हा पोरगा तिथे शेणखत आणि कोंबड्या सांभाळत इंग्रजी सुधारू लागला.

मनात मेडिकलला जायचं होतं. पण जवळच्या रटगर्स कॉलेजात जेकब लिपमन नावाचे प्राध्यापक भेटले. तेही रशियातून आलेले, आणि मातीतल्या बॅक्टेरियांचे अभ्यासक. त्यांनी त्याला शेतीशास्त्राकडे वळवलं. वाक्समन कॉलेजच्या शेतात खड्डे खणायचे, वेगवेगळ्या खोलीवरची माती लॅबमध्ये आणायचे आणि प्लेटवर काय काय उगवतं ते मोजायचे. बॅक्टेरिया आणि बुरशी यांच्या मध्येच उगवणाऱ्या चिवट, छोट्या वसाहतींनी त्यांचं लक्ष वेधलं. हेच ते ॲक्टिनोमायसिट्स.

१९१६ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी त्यातल्या ग्रिसियस नावाच्या एका जातीचं वर्णन छापलं. या राखाडी जंतूच्या पोटात काय दडलंय, हे कळायला आणखी २७ वर्षं लागणार होती. त्याच वर्षी वाक्समन यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आणि बर्था मिटनिक यांच्याशी लग्न केलं. १९१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातून पीएचडी करून ते रटगर्सला परतले, ते कायमचेच. १९२७ मध्ये त्यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवांवर जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिलं आणि त्या विषयातलं मोठं नाव झाले. पण तो विषयच असा, की शेतकीवाल्यांपलीकडे कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

एका प्लेटवरची मारामारी

मूठभर मातीत अब्जावधी सूक्ष्मजीव असतात. जागा कमी, अन्न कमी, त्यामुळे भांडणं ठरलेली. काही जंतू शेजाऱ्यांना रोखणारी रसायनं सोडतात. मग हीच रसायनं माणसाच्या शरीरातल्या रोगजंतूंवर वापरली तर?

१९३९ मध्ये या प्रश्नाला धार आली. वाक्समन यांचे माजी विद्यार्थी रने ड्यूबो यांनी मातीतल्या एका बॅक्टेरियापासून दुसऱ्या बॅक्टेरियांना मारणारा पदार्थ वेगळा केला. तो इतका विषारी होता की इंजेक्शनने देता येत नव्हता. पण दिशा मिळाली. पन्नाशी गाठलेल्या वाक्समन यांनी लॅबचा गिअरच बदलला. मर्क या औषध कंपनीने पैसा पुरवला.

त्यांची पद्धत ऐकायला एकदम साधी आहे. अगरच्या प्लेटवर मातीतल्या एका सूक्ष्मजीवाची सरळ रेघ ओढायची आणि तो वाढू द्यायचा. मग त्या रेघेला काटकोनात रोगजंतूंच्या रेघा ओढायच्या. रोगजंतू पहिल्या रेघेपर्यंत बिनधास्त वाढले, तर हा गडी कामाचा नाही. पण ते आधीच थबकले आणि मधे मोकळी जागा राहिली, तर इथे काहीतरी पाझरतंय. मग तो पदार्थ वेगळा काढायचा आणि चढत्या प्रमाणात वेगवेगळ्या नळ्यांमध्ये मिसळायचा. कमीत कमी किती डोसला रोगजंतूची वाढ थांबते, ते पाहायचं. एकूण हजारो नमुने असे तपासले गेले. त्यात जीनियसपणापेक्षा चिकाटीच जास्त लागायची.

१९४० मध्ये बॉयड वुड्रफ या विद्यार्थ्याबरोबर ॲक्टिनोमायसिन सापडलं. जंतू मरायचे, पण प्रयोगातले प्राणीही मरायचे. १९४२ मध्ये स्ट्रेप्टोथ्रिसिन आलं. आशा वाढली, पण त्याने प्राण्यांची मूत्रपिंडं बिघडायला लागली. आज आपण सर्रास वापरतो तो 'अँटिबायोटिक' हा शब्द या अर्थाने रूढ झाला, तोही याच काळात आणि वाक्समन यांच्यामुळेच.

मेडिकलला असलेला त्यांचा मुलगा बायरन याने याच सुमारास वडिलांना पत्रातून सुचवलं, की हीच पद्धत टीबीच्या जंतूवर का वापरत नाही? अजून वेळ आलेली नाही, असं वडिलांचं मत पडलं. टीबीचा जंतू म्हणजे सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक. अंगावर मेणचट जाड कवच आणि चाल गोगलगायीची. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. टीबीच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ अख्खा दिवस लागतो. प्लेटवर वसाहत दिसायला तीन-चार आठवडे. शिवाय लॅबमध्ये काम करणाऱ्यालाच लागण होण्याची भीती.

तळघरातला विद्यार्थी

ही भीती अंगावर घेतली अल्बर्ट शॅट्झ या मुलाने. शेतकरी कुटुंबातला, पैशाने तंग. युद्धात सैन्यात भरती झाला आणि फ्लोरिडातल्या लष्करी हॉस्पिटलांमध्ये त्याने पाहिलं, की काही जंतूंवर पेनिसिलिनची मात्रा चालतच नाही. पाठीच्या दुखण्यामुळे जून १९४३ मध्ये सैन्यातून सुटका झाली आणि तो वाक्समन यांच्याकडे परतला. महिन्याला ४० डॉलर, आणि काम टीबीवरचं. त्याची रवानगी तळघरातल्या लॅबमध्ये झाली. वाक्समन यांची खोली वर, तिसऱ्या मजल्यावर. टीबीच्या भीतीने सर खाली फिरकायचेच नाहीत, असं शॅट्झ यांनी नंतर सांगितलं.

रात्र-रात्र काम चालायचं. डिस्टिलेशन सुरू ठेवून शॅट्झ तिथेच झोपायचा. फ्लास्कवर लाल रेघ मारलेली असायची आणि पाणी तिच्याखाली गेलं की वॉचमनने त्याला उठवायचं, अशी सोय लावलेली. ऑगस्टमध्ये त्याने वहीत अकराव्या प्रयोगाची नोंद केली. १९ ऑक्टोबर १९४३ ला त्याची खात्री पटली, की ग्रिसियसच्या दोन नमुन्यांतून नवं अँटिबायोटिक मिळतंय. एक नमुना भरपूर खत घातलेल्या शेतातल्या मातीतला. दुसरा कोंबडीच्या घशातून घेतलेला, तो त्याला डोरिस जोन्स या सहविद्यार्थिनीने दिला होता. शॅट्झचं वय होतं २३.

औषधाचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिन. जानेवारी १९४४ च्या पहिल्या शोधनिबंधावर नावांचा क्रम होता शॅट्झ, एलिझाबेथ बुगी, वाक्समन. त्यानंतर टीबीच्या जंतूवरच्या लॅब टेस्टचा निबंध आला. लॅबमधला मवाळ जंतू नको, माणसाला खरोखर आजारी पाडणारा जंतू हवा, म्हणून एच-३७ नावाचं जहाल वाण वापरलं. तेही थांबलं.

गिनिपिग ते माणूस

प्लेटवर जंतू थांबला म्हणजे शरीरात थांबेलच असं नाही. ॲक्टिनोमायसिनने हे शिकवलेलंच होतं. पुढची जबाबदारी मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकच्या विल्यम फेल्डमन आणि कॉर्विन हिन्शॉ या जोडीने घेतली. एप्रिल १९४४ मध्ये त्यांना थोडंसं औषध मिळालं, जेमतेम चार गिनिपिगना पुरेल इतकं. निकाल इतके चांगले आले की मर्कने युद्धाच्या धामधुमीतही औषध जास्त प्रमाणात बनवायला घेतलं.

नोव्हेंबर १९४४ मध्ये मिनेसोटातल्या एका सॅनेटोरियममध्ये टीबीच्या एका रुग्णाला हे औषध सुरू झालं. ती २१ वर्षांची तरुणी होती. काही महिने उपचार चालले, ऑपरेशनही झालं, आणि ती बरी झाली. पुढे तिचं लग्न झालं, मुलं झाली.

२१ हे वय वाचून मराठी माणसाला एक नाव आठवणारच. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेल्या, त्या २१ व्या वर्षीच. त्या वेळी क्षयावर आराम, चांगली हवा आणि सकस आहार यापलीकडे कुणाच्याच हातात फारसं काही नव्हतं. वाक्समन जन्मले त्याच्या दुसऱ्या वर्षी.

जंतूने डोकं चालवलं

खरी परीक्षा पुढे होती. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४७ मध्ये ट्रायल सुरू केली. औषध कमी होतं, सगळ्यांना पुरणारच नव्हतं. मग कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्यांसारख्या पद्धतीने ठरवलं गेलं. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची ही आखणी. आज कुठल्याही नव्या औषधाच्या चाचणीबद्दल आपण ज्या 'रँडमाइज्ड ट्रायल'चं नाव ऐकतो, तिचा हा गाजलेला सुरुवातीचा नमुना.

१०७ रुग्ण होते. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांनी औषधवाल्या गटात ४ मृत्यू आणि दुसऱ्या गटात १४. म्हणजे औषध जिंकलं? पण पाच वर्षांनी पुन्हा मोजणी झाली तेव्हा औषधवाल्या गटातले ३२ आणि दुसऱ्या गटातले ३५ जण गेलेले होते. सुरुवातीची आघाडी जवळजवळ पुसली गेली होती.

कारण लॅबमध्ये सापडलं. रुग्णांच्या थुंकीतले जंतू वाढवून त्यांच्यावर औषध पुन्हा तपासलं जात होतं. अशी तपासणी झालेल्या ४१ पैकी ३५ रुग्णांमधले जंतू स्ट्रेप्टोमायसिनला जुमानेनासे झाले होते, तेही बहुतेक वेळा दुसऱ्याच महिन्यात. आधी रुग्णाचा ताप उतरायचा, वजन वाढायचं, घरचे सुटकेचा श्वास सोडायचे. मग तब्येत परत ढासळायची, आणि आता औषधाचा उपयोग नसायचा.

हे होतं कसं? जंतू औषधाला बघून शिकत नाही. टीबीने फुप्फुसात पडलेल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. वाढताना काहींच्या जनुकात आपोआप चुका होतात. त्यातली एखादी चूक नेमकी अशी असते, की औषध जिथे जाऊन चिकटतं ती जागाच बदलते. एरवी या जंतूला काही भाव नसतो. पण औषधाने बाकीचे सगळे मेले, की मैदान त्याचंच. आपण एकच औषध देतो तेव्हा नकळत याच जंतूची पेरणी करतो.

वाक्समन यांना हे अगदीच अनपेक्षित नव्हतं. बॅक्टेरिया स्ट्रेप्टोमायसिनला सरावतात, यावर त्यांच्या लॅबने १९४५ मध्येच निबंध लिहिला होता. पण प्लेटवर दिसलेली गोष्ट वॉर्डात इतक्या वेगाने घडेल, हा धक्काच होता. त्यातच औषधाचे दुष्परिणामही समोर आले. चक्कर, तोल जाणं, काहींना कायमचा बहिरेपणा. प्रसिद्ध लेखक जॉर्ज ऑर्वेल यांना १९४८ मध्ये हे औषध दिलं, पण त्याची इतकी जबरदस्त ॲलर्जी आली की ते बंद करावं लागलं. जानेवारी १९५० मध्ये ते टीबीनेच गेले.

यावरचा तोडगाही लॅब आणि ट्रायल यांनीच दिला. स्वीडनच्या यॉर्गन लेमन यांनी पास नावाचं औषध शोधलं होतं. ते आणि स्ट्रेप्टोमायसिन एकत्र दिलं, तर रेझिस्टन्स फार कमी रुग्णांत येतो, हे १९५० पर्यंत सिद्ध झालं. हिशेब सरळ आहे. एका औषधाला चकवणारा जंतू लाखात एक असेल आणि दुसऱ्याला चकवणाराही लाखात एक, तर दोघांनाही एकदम चकवणारा हजार कोटींत एक. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं आणि तीन औषधांचा एकत्र मारा सुरू झाला. टीबीच्या रुग्णाला आजही मूठभर गोळ्या का देतात, याचं उत्तर या हिशेबात आहे.

श्रेय कुणाचं?

इकडे रटगर्समध्ये वेगळंच नाट्य रंगत होतं. पेटंट वाक्समन आणि शॅट्झ या दोघांच्या नावावर होतं आणि दोघांनीही ते विद्यापीठाच्या फाउंडेशनला दिलेलं. औषध एकाच कंपनीच्या मुठीत राहू नये, म्हणून मर्कने आपला एकाधिकार सोडावा यासाठी वाक्समन यांनी प्रयत्न केले आणि मर्कनेही तो सोडला. त्यामुळे अनेक कंपन्या औषध बनवू लागल्या. बहिणीचं औषध वेळेवर पोचलं नव्हतं, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. मुलाखतींमध्ये, फोटोंमध्ये शॅट्झ हळूहळू दिसेनासे झाले. शोध वाक्समन यांचा आणि शॅट्झ फक्त हाताखालचा विद्यार्थी, असं चित्र उभं राहिलं. मग शॅट्झ यांना कळलं, की फाउंडेशनबरोबरच्या करारानुसार रॉयल्टीतला २० टक्के वाटा वाक्समन यांना मिळतोय. ती रक्कम साडेतीन लाख डॉलरच्या घरात गेली होती. मार्च १९५० मध्ये त्यांनी आपल्या गुरूवर खटला भरला.

डिसेंबरमध्ये तडजोड झाली. शॅट्झ कायद्याने सहशोधक ठरले आणि त्यांना ३ टक्के रॉयल्टी मिळाली. वाक्समन यांचा वाटा १० टक्क्यांवर आला आणि ७ टक्के लॅबमधल्या इतरांमध्ये वाटायचं ठरलं, त्यात भांडी धुणाराही आला. पण सरांना कोर्टात खेचणाऱ्या विद्यार्थ्याला नोकरी कोण देणार? मोठ्या लॅबचे दरवाजे शॅट्झ यांना बंदच झाले. १९५२ चं नोबेल एकट्या वाक्समन यांना मिळालं. शॅट्झ यांच्या बाजूने आलेल्या तक्रारींनी काही फरक पडला नाही. बुगी यांचं तर पेटंटवरही नाव नव्हतं.

वाक्समन खलनायक होते का? तसं म्हणणं सोपं आहे, पण पूर्ण खरं नाही. शोधण्याची पद्धत त्यांची, तीस वर्षांची तयारी त्यांची, लॅब आणि निधी त्यांनी उभा केलेला. रॉयल्टीतून रटगर्समध्ये सूक्ष्मजीवशास्त्राची मोठी संस्था उभी राहिली आणि स्वतःच्या वाट्यातलाही मोठा हिस्सा त्यांनी संशोधनासाठी दिला. १९४९ मध्ये त्यांच्याच लॅबने निओमायसिन शोधलं, ते आजही जखमेवरच्या मलमांत असतं. पण तळघरात जीव धोक्यात घालून राबलेल्या मुलाचं नाव मोठ्याने घेतलं असतं, तर यातलं काहीच कमी झालं नसतं. रटगर्सने शॅट्झ यांना आपलं पदक दिलं ते १९९४ मध्ये. शोधानंतर तब्बल ५१ वर्षांनी.

पिंपरीपासून गोव्यापर्यंत

या गोष्टीचा एक धागा आपल्या अंगणात येतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. आधी पेनिसिलिन आणि मग साठच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनही तिथे बनू लागलं. टीबीच्या इंजेक्शनांचे लांबलचक कोर्स घेतलेली माणसं आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत सहज सापडतील.

आज स्ट्रेप्टोमायसिन मागच्या बाकावर गेलंय. पण वाक्समन यांच्या प्लेटवरचा प्रश्न मात्र रोज विचारला जातो, की या रुग्णाचा जंतू कोणत्या औषधाला मरतो? अंड्यापासून बनवलेल्या हिरवट माध्यमावर, औषध घालून आणि न घालता, जंतू वाढवून पाहतात. औषध असतानाही एक टक्का किंवा त्याहून जास्त जंतू वाढले, तर तो रेझिस्टंट धरतात. या जुन्या पद्धतीत आठवड्यांमागून आठवडे जातात. द्रवरूप माध्यमात हे काम लवकर होतं. आणि जनुक तपासणाऱ्या मशिनवर रिफॅम्पिसिनचा रेझिस्टन्स काही तासांतच कळतो. असंच ट्रूनॅट नावाचं छोटं, बॅटरीवर चालणारं यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने बनवलंय आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिलीय.

गरजही तेवढीच आहे. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणाऱ्या टीबीला एमडीआर म्हणतात आणि मुंबईसारख्या शहरात तो नवा राहिलेला नाही. हॉस्टेलच्या खोलीत, लोकलच्या गर्दीत, कोचिंगच्या बंद वर्गात हा जंतू वय विचारत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आणि कोर्स सुरू झाला, तर दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका. १९४७ च्या ट्रायलमधल्या रुग्णांनाही सुरुवातीला बरंच वाटलं होतं. त्यांच्याकडे तेव्हा दुसरं औषध नव्हतं. आपल्याकडे आहे.

वाक्समन १६ ऑगस्ट १९७३ ला वारले. मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल या समुद्रकाठच्या गावात त्यांना पुरलं. १९१६ मध्ये त्यांनी वर्णन केलेला तो राखाडी जंतू मात्र अजूनही मातीत आपलं काम करतोय.